पाचवं ठिकाण

नोंदवहीत पाच रकाने.

पहिलं ठिकाण मुखाशी, लोखंडी दरवाजाखाली,
जिथे नाईल नदीपण सोडून
कालवा व्हायला नुकतीच तयार झालेली असते.
चाळीस लिटर पाणी जाळीतून गाळलं
तरी बाटलीच्या तळाला उरतं चिमूटभर :
घाईत निघालेले कोपेपॉड,
सोंड खाली घातलेली एखादी बॉस्मिना,
कुणाची कुणाशी ओळख नाही.

दुसऱ्या ठिकाणी जलपर्णी. तिच्या मुळांच्या झिपऱ्यांत
इतक्या जाती, की उस्ताद वगीह
चहा निवला तरी भिंगावरून उठले नाहीत.
एकोणतीस, म्हणाले. मग तीस.
मग पुन्हा एकोणतीस,
कारण एक नुसतंच कवच होतं, आत कुणी नव्हतं.

तिसरं ठिकाण पुलाखाली. तिथे मुलं उड्या मारतात.
मीही मारायचो, लघवीतून रक्त यायला लागेपर्यंत.
डॉक्टर म्हणाला, पाण्यात असतं काहीतरी, दिसत नाही.
तेव्हापासून मी
न दिसणाऱ्याकडे बघतो आहे.
पगार बराच नंतर सुरू झाला.

चौथ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.
तिथे बाटली फुटली.

आणि पाचवं : शेपटीचं टोक.
आठवड्यातले पाच दिवस पाणी तिथे
यायचा नुसता विचार करतं.
वरच्या सगळ्या गावांचं उष्टं साचलेलं,
भातखाचरांचं, साबणाचं, म्हशींचं,
हिरवं, दाट, कोमट.
त्याच्या एका थेंबात
ब्रॅकिओनस, ब्रॅकिओनस, ब्रॅकिओनस.
उस्तादांनी एकेक मोजायचं सोडून
काचेवरच्या चौकटी मोजल्या, गुणाकार केला.
डोक्यावर गरगरती चक्रं, बुडाशी लटकलेलं अंडं,
सगळ्या माद्या. माद्याच माद्यांना जन्म देत होत्या.
'नर लागतच नाही यांना?'
'लागतो,' उस्ताद म्हणाले. 'वाईट दिवस आले की.'

अहवालात मात्र
गर्दीला वैविध्य म्हणता येत नाही.
पाचव्या रकान्यात आकडा मावेना
आणि जातींच्या खाली : तीन.

उम्म सफवत तिथेच भांडी घासते.
'शहात्याच्या पोरा, काय शोधतोस रे रोज?'
तिने भिंगाला एक डोळा लावला,
दुसरा राखेच्या हाताने झाकला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
'यांना कुणी सांगितलंय का,
पाण्याची पाळी पुढे गेलीय ते?'

जानेवारीत कालवा बंद करतात. माझा बाप चाक फिरवतो,
दरवाजा खाली येतो, आणि आठ दिवसांत
तळ उघडा पडतो : एकेकट्या चपला,
सायकलची साखळी, भेगाळत जाणारा काळा गाळ.
चमचाभर गाळात शेकडो अंडी असतात, उस्ताद म्हणाले,
वाईट दिवसांतली, जाड सालीची.
वाळली तरी मरत नाहीत.
वर्षानुवर्षं पडून राहतात, पाणी लागेपर्यंत.

मी बरणी घेऊन पाचव्या ठिकाणी गेलो.
उम्म सफवतने आधीच टोपली भरून नेली होती.
अंगणात तिने गाळात पेंढा कालवला, पायांनी तुडवला,
आणि भट्टीची तडकलेली कूस
तळहाताने लिंपत बसली.
मी दारात उभा.
सांगणार होतो.
पण काय सांगणार होतो?
तिला भाकऱ्या भाजायच्या होत्या, अकरा तोंडांना.
लिंपण वाळलं. तिने काटक्या पेटवल्या.
ओलसर राहिलेल्या जागेतून
बारीक वाफ निघाली आणि थांबली.

आमच्याकडे भाकरीला ऐश म्हणतात,
म्हणजे जगणं.
पहिली तिने मला दिली.

संध्याकाळी वहीत लिहिलं :
ठिकाण पाच. पाणी नाही. नमुना नाही.

भाकरीच्या खालच्या अंगाला
थोडी माती लागलेली होती.
मी झटकली नाही.